जाळीवर वळण नसतं

स्ट्रोमनेसच्या धक्क्यापासून तिसरं दार.
खिडकीतल्या पाटीवर एकच शब्द: लोकर.
बाकीचं आत आल्यावर कळतं.

इंचाला तेरा भोकं.
एवढंच माझं व्याकरण.
परवा शाळेतला एक मुलगा म्हणाला,
थोरा आजी, गोल कसा काढता?
म्हटलं, काढतच नाही.
जाळीवर वळण नसतं रे, नुसत्या पायऱ्या,
एक उजवीकडे, दोन खाली,
एक उजवीकडे, तीन खाली.
हे कापड टेबलावर राहू दे आणि तू दारापर्यंत मागे जा.
तो गेला. उंबऱ्याशी थांबून ओरडला, सील!
नऊ टाक्यांचं डोकं, एका टाक्याचा डोळा.
मिशा मी दिल्याच नव्हत्या.
त्याला त्या दिसल्या.

चाळीस वर्षं हाच धंदा,
काय गाळायचं ते ठरवणं.
सुरुवातीला सगळं हवं असायचं मला:
कड्यावरचा पक्षी, त्याची चोच, चोचीतला मासा,
माशाचे खवलेसुद्धा. रंग छत्तीस.
बायका हौसेनं कापड न्यायच्या
आणि दोन वर्षांनी अर्धंमुर्धं परत आणायच्या,
पिशवीत कोंबून, चोरी पकडल्यासारखं तोंड करून.
मी काही बोलायची नाही.
सुई कुठे थांबली तेवढं बघायची.
तिथे चूक माझी असायची.

आता सातच रंग.
त्यांतला एक मुद्दाम असा, की कुणालाच आवडू नये.
ओल्या दगडाचा. कपात राहून गेलेल्या चहाचा.
हा कशाला, असं प्रत्येक जण विचारतं.
तो काढून बघा म्हणते.
बाकीचे सहा एकमेकांशी बोलेनासे होतात.

मेरन फ्लेटला खुर्चीची बैठक हवी होती,
नवऱ्याच्या. गुडघ्यांपायी बोट विकली त्यानं, म्हणून बोटीचं चित्र.
फोटो आणला. मी रेखाटलं. नाही, तेव्हा ती हिरवी होती.
हिरवी केली. नाही, शीड एवढं फुगायचं नाही.
चौथ्या कागदाला मी पेन्सिल ठेवली.
डोळे मीट, म्हटलं, आणि जे पहिलं दिसेल ते सांग.
बराच वेळ केटलीचाच आवाज.
मग म्हणाली, दोर.
निळा. टोकाला जाळून काळा केलेला.

दोराचं वेटोळं म्हणजे अथपासून इतिपर्यंत वळण,
आणि माझ्याकडे पायऱ्या.
अकरा आठवडे लागले. दोनदा फाडलं.
ती विणायला बसली ती पुढच्या ऑक्टोबरपर्यंत.

तिरका टाका कापडाला आपल्याकडे ओढतो.
शंभरात कळत नाही, वीस हजारांत चौकोन झुकतो.
म्हणून शेवटी मी कापड ओलं करते,
फळीवर ताणते, पितळी खिळे मारते, चार दिवस ठेवते.
घरभर ओल्या मेंढीचा वास.
झुकाव बघून मला बाई ओळखू येते:
कोण घाईत होती, कोण रेडिओ ऐकत होती,
कुणी कुणाशी तरी भांडून सुई हातात घेतली.
मेरनचं जवळजवळ सरळच आलं.
तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

एरलंड बैठकीवर बसला नाही. वाकून बघत राहिला.
म्हणाला, दोर उलटा गुंडाळलाय.
मी डावखुरा, मी या बाजूनं कधीच गुंडाळला नाही.
माझ्या हातातला कप बशीवर वाजला.
मी मेरनकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर.
वीस हजार टाके तिला ठाऊक होतं.
ठाऊक होतं, म्हणाली. तीस वर्षं सांगतेय,
सरळ गुंडाळ, पायात येईल.
आता बस त्यावर.

तो बसला. टोचतंय म्हणाला.
लोकर आहे, म्हटलं, टोचणारच.

साडेतीनला अंधार पडतो इथे डिसेंबरात.
दिवा ओढून घेतला आहे. नवं कापड, कोरं.
मधलं भोक शोधायला दोन्ही बाजूंनी मोजावं लागतं
आणि दर वेळी माझं एक कमी भरतं.
पुन्हा मोजते.