खिडकीजवळचं टेबल

हौसेला मोल नसतं म्हणतात.
माझ्या हौसेला होतं: एकशे एकोणचाळीस डॉलर,
मरिएटाच्या जत्रेच्या मैदानावर, गुरांच्या शेडमध्ये,
आदल्या आठवड्यात जिथे बक्षिसाचे बैल बांधले होते.
मेणकागदात गुंडाळलेलं, पिवळट ग्रीसमध्ये बुडवलेलं,
जणू कुणी मुरांबा घालून ठेवला
आणि बरणी उघडायचं राहूनच गेलं.

लोरेटानं त्या दिवशी केकचा ट्रे मला देऊन टाकला.
देऊन टाकला म्हणजे, परत हात लावला नाही त्याला.
जुलैच्या उन्हात, काळ्या पिशवीत, गाडीच्या काचेमागे
वंगण पाघळलं, खाली तारीख निघाली.
तो वास अजून माझ्या टोपीत आहे.

मग एकाची सात झाली.
तोकारेव्ह, सडपातळ, तापट.
नागांत रिव्हॉल्व्हर, त्रेचाळीस सालचं,
अंगावर कानशीचे ओरखडे जसेच्या तसे.
शत्रू दाराशी आलेला असताना
पॉलिश करत कोण बसणार?
मला तेच सगळ्यात आवडतं.

पण कमरेला असतो माकारोव्ह.
आठ गोळ्या, मुठीवर तारा.
डॉयल म्हणतो, अर्ध्या वजनाची, दुप्पट गोळ्यांची
प्लास्टिकची मिळतात आता.
डॉयलला काय सांगायचं.
प्लास्टिकला कधी थंडी वाजलेली नसते.

बँकेत, न्हाव्याकडे, मुलीच्या दुसऱ्या लग्नात,
वीस वर्षं उजव्या हाडावर टेकून आहे तो.
तिथली कातडी त्याच्या आकाराची झाली.
फक्त डायलिसिसच्या दारावर पाटी आहे,
म्हणून मंगळवार, गुरुवार, शनिवार
तो गाडीच्या कप्प्यात
आणि मी आत, चार तास,
एका अंगाला हलका.

शेजारच्या खुर्चीत रुस्तेम गबायदुलिन.
मुलाकडे राहायला आला, ओहायोत मूत्रपिंडं गमावून बसला.
गाव विचारलं. इझेव्स्क म्हणाला.
मी लगेच हवेत त्रिकोण काढला, त्यात बाण.
तो हसायचा थांबला.
"एकतीस वर्षं," म्हणाला, "तपासनीस.
ज्याचा त्याचा शिक्का वेगळा, तांदळाएवढा."
माझं रक्त बाहेर यंत्रात फिरत होतं,
तरी छातीत काहीतरी उसळलं.

शनिवारी फोटो नेला, मोठा करून.
त्यानं चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाशी धरला.
तुझाच असू दे, तुझाच असू दे,
मी म्हणत होतो, मनात, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी.

"माझा नाही. ही झोया.
खिडकीजवळचं टेबल. फट होती तिथे, वारा यायचा.
बोटांवर फुंकर मारून शिक्का मारायची,
म्हणून बघ, डावीकडे कललाय.
डब्यात खारवलेली अळंबी आणायची.
कुणाला देत नसे."

मग म्हणाला, "आणि हे तू रोज बाळगतोस?"
"रोज."
"कशासाठी?"

याची उत्तरं माझ्याकडे तयार असतात.
डॉयलसाठी एक, लोरेटासाठी एक, पाद्रीबाबांसाठी निराळं.
एकही वर आलं नाही.

"पाळीला चारशे तपासायचो," रुस्तेम म्हणाला,
"डोळ्यांत तेल घालून.
सुटताना फाटकावर झडती.
मी छत्री बाळगायचो."

नर्स आली, सुया काढल्या,
बोळा दाबून धरा म्हणाली.
दोघंही दाबून बसलो.

गाडीत कप्पा उघडला.
फेब्रुवारीचं लोखंड, बोटाला चिकटणारं.
पट्ट्यात खोचण्याआधी काय वाटलं कोण जाणे,
त्या तांदळाएवढ्या खुणेवर फुंकर मारली.
काच धुकटली, माझीच.

दुकानात लोरेटाची यादी: बटाटे, ब्लीच, बल्ब.
अळंबी नव्हती यादीत.
खारवलेली मिळत नाहीत इथे, डबाबंद घेतली,
आणि पार्किंगमध्येच, डब्यातून बोटांनी, खाल्ली.
पुठ्ठ्यासारखी लागली.
सगळी संपवली.