उसनं शेवाळ

महिन्याच्या पहिल्या गुरुवारी
क्रान्यच्या अग्निशमन केंद्रात, वरच्या खोलीत
आम्ही अकराजण जमतो.
खाली लाल बंब, वर आमची झाडं,
आणि जिन्यात पाटी : पाणी जपून वापरा.
ही बंबवाल्यांसाठी की आपल्यासाठी,
असा विनोद द्रागो दर वेळी करतो
आणि आम्ही दर वेळी हसतो.
वर्गणी तेवढ्यासाठीच भरते, असं वीदा म्हणते.

ऑक्टोबर. प्रदर्शनाला नऊ दिवस.
मेतोद आपला लार्च फिरत्या पाटावर ठेवतो
आणि मागे सरतो, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.
मग सगळे बोलतात.
ही फांदी समोरून डोळ्यात जातेय.
तार उतरव, सालीत रुतायला लागली.
उतरवू नकोस, वळण अजून तिच्या अंगवळणी पडलेलं नाही.
तो ऐकून घेतो, मान डोलावतो,
करत काहीच नाही.
चोवीस वर्षं असंच चाललंय.
लार्च देखणा आहे.

माझा ज्युनिपर.
कार्स्टच्या चुनखडीतून, वनखात्याची चिठ्ठी खिशात ठेवून
बोयाना आणि मी दोन वसंत खपून काढला.
जन्मभर मी लोकांच्या कवळ्या घडवल्या,
त्याच कोरण्यांनी आता याचं मेलेलं लाकूड साफ करते.
दात काय, वाळकी फांदी काय,
फार पांढरं दिसलं की खोटं.
म्हणून गंधकाच्या चुन्यात
बोटभर काजळी कालवते.
घरभर सडक्या अंड्यांचा वास.
शेजारीण काही बोलत नाही, खिडकी लावून घेते.

लोयझेला हे कधीच पटलं नाही.
अगं, त्याला पाय पसरू दे की, म्हणायचा,
स्वतः सोफ्यावर आडवा.
मी म्हणायचे, अकरा वर्षांत
आपण एकदाही समुद्रावर गेलो नाही,
याला पाणी कोण घालणार म्हणून.
कैदेत कोण आहे, ते नीट बघ.

टूथब्रशनं खोड घासलं.
कुंडीला अक्रोडाचं तेल लावून पुसलं.
तार तुकड्यातुकड्यांनी कापली, उलगडली नाही.
नावाची चिठ्ठी बोयानानं लिहिली, तिचं अक्षर बरं.
सगळं झालं, आणि माती उघडी.
शेवाळ ऑगस्टच्या उन्हात करपून गेलेलं.

मग मेण कापायची जुनी सुरी घेतली
आणि स्मशानभूमीत गेले.
लोयझेच्या दगडाला उत्तरेकडून
छान मऊ, दाट शेवाळ आलंय.
बिस्किटांच्या डब्यात ओला कागद अंथरला,
पापुद्रा सोडवावा तसं सोडवलं.
उसनं नेतेय, म्हटलं. सोमवारी आणून देते.

झाड पुढच्या सीटवर, पट्टा लावून.
शाळेची व्यायामशाळा, टेबलांवर राखाडी कापड,
वर बास्केटबॉलची कडी, जाळी नसलेली.
उदिनेहून आलेला परीक्षक
माझ्या झाडापुढे गुडघे मोडून बसला,
इतका वेळ, की मला आशा वाटू लागली.
उठताना कागदावर लिहून गेला :
झाडाला अजून दहा वर्षं हवीत.
शेवाळ अप्रतिम.

द्रागोला नवा विनोद मिळाला.
मेतोदला दुसरा क्रमांक. त्यानं खांदे उडवले
आणि कोपऱ्यात जाऊन नाक शिंकरलं.
कुठून आणलंस गं, वीदानं हळूच विचारलं.
घरचंच आहे, मी म्हटलं.

सोमवारी परत नेलं.
दगडावर ठेवून अंगठ्यानं दाबलं, पाणी शिंपडलं.
एक तुकडा मात्र कुंडीतच राहिला.
शेवाळाला मुळं नसतात, मला ठाऊक आहे,
तरी तो सुटेना. मीही फार ओढला नाही.
दगडावर दाढेएवढी जागा मोकळी राहिली.
लोयझे काही म्हणाला नाही.
पाय पसरून पडला होता.