गाडी बंद केल्यावर

फेब्रुवारीत आई गेली, आणि मार्चमध्ये बाबांनी
बिडाचं जुनं मॅनिफोल्ड उतरवून
होल्डनला हेडर्स बसवले.
एकाहत्तराव्या वर्षी. कुणाला न विचारता.
पातळ पत्र्याच्या आठ नळ्या, आतड्यांसारख्या वळलेल्या,
पहिल्या दिवशी चकचकीत, दुसऱ्या दिवशी सोनेरी,
आठवड्याने निळ्या, कबुतराच्या गळ्यासारख्या.

बीड आच पोटात ठेवतं, म्हणाले.
या काही ठेवत नाहीत.

वायलाच्या पोलाद कारखान्यात छत्तीस वर्षं
बाबा झोतभट्टीपुढे उभे होते.
धग कुठली आणि झळ कुठली,
त्यांच्या पापण्यांना कळतं.
पण बॉनेटखालची काहिली त्यांच्याही हिशेबात नव्हती.
प्लगच्या दोन वायरी शेवयांसारख्या लोंबल्या,
ब्रेकच्या नळीला फोड आले,
आणि स्टार्टर बिचारा, सातव्या नळीपासून बोटभर अंतरावर,
पोर्ट ऑगस्टाला आईच्या कबरीवर फुलं ठेवून परतलो
की नुसता टक म्हणायचा.
मग तेही नाही.

मग बसायचो. बॉनेट उघडं टाकून
कधी चाळीस मिनिटं, कधी सव्वा तास,
दफनभूमीच्या फाटकाशी, खारट झुडपांत.
चालत्या गाडीत बोलणं शक्यच नव्हतं,
हेडर्सचा आवाज असा की स्वतःचा खोकला ऐकू येऊ नये.
पण तिथे, थर्मासच्या झाकणातून चहा पिताना
त्यांनी सांगितलं
की आई त्यांना आधी दोनदा नाही म्हणाली होती.
की माझ्याआधी एक मुलगा होता,
अकरा दिवसांचा,
त्याचं नाव तादेउश,
आणि तो इथेच आहे, भिंतीकडच्या रांगेत,
म्हणून आईला वायलात पुरायचं नव्हतं.
मी इंजिनाकडे पाहत राहिले.
गार होताना ते टिकटिक करत होतं.

मी मेकॅनिक. बापाची गाडी दर रविवारी
अशी अडून बसणं बरं दिसेना.
नळ्यांना पट्टी गुंडाळू म्हटलं.
नको, हालिना. पट्टी ओल धरते,
बाहेरून बँडेज, आतून गंज.
मग ॲडलेडहून सिरॅमिकचा मुलामा देऊन आणला.
स्टार्टरच्या आड ॲल्युमिनियमचा पत्रा लावला,
दोन्हीकडे हवा खेळेल एवढी फट सोडून,
चिकटवला तर तोच तवा होतो.
वायरींना मोजे घातले.
बॉनेटला झरोके पाडले, पुढच्या बाजूला;
काचेपाशी पाडले तर वारा उलटा आत शिरतो.
बाबा टॉर्च धरून उभे. एवढंच म्हणाले,
धगीने कुठे जायचं ते आपण ठरवायचं,
नाहीतर ती ठरवते.

जूनमधला रविवार. फुलं ठेवली.
भिंतीकडच्या रांगेतही ठेवली.
बाबांनी सवयीने थर्मास काढला,
झाकण अर्धं फिरवलं,
आणि मी किल्ली फिरवली.
एका फटक्यात चालू.
बरं झालं, म्हणाले,
आणि झाकण उलटं फिरवून घट्ट केलं.

मग तो आवाज, आणि सरळ रस्ता,
उजवीकडे लाल टेकड्या, एकही वळण नाही.
तिसेक किलोमीटरवर मी गाडी कडेला घेतली.
बंद केली.
काय झालं?
काही नाही. पळताना वारा लागतो, बाबा.
खरी काहिली थांबल्यावर चढते,
वीस-पंचवीस मिनिटांनी सगळ्यात जास्त.
तेव्हा सुरू झाली तरच काम पक्कं.

हे खोटं नाही. कुठल्याही मेकॅनिकला विचारा.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं,
भट्टीचं दार उघडण्याआधी
फटीतला रंग पाहावा तसं.
पंचवीस कशाला, म्हणाले, चाळीस धर.
पायाशी वाकून थर्मास घेतला.
आणि बॉनेट उघडू नकोस.