उपडं भांडं

हिउमा बेटावर नोव्हेंबरात दुपारी साडेतीनलाच दिवे लागतात.
वेल्लोच्या घरी पोचले तेव्हा लागलेले नव्हते.

फेरीबोटीच्या इंजिनखान्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस,
आवाजावरून सांगायचा कुठला नट ढिला आहे.
आता त्याच्या उजव्या गालातली नस ढिली झालीय की आवळलीय
ते तार्तूच्या मोठ्या इस्पितळालाही धड सांगता येत नाही.
दाढीचा ब्रश लागला की वीज.
वारा लागला की वीज.
सूप, चमचा, "ये, बस" म्हणायला उघडलेले ओठ,
वीज.

माझ्या फायलीत त्याचं सगळं आहे.
रक्तदाब. वजन, उन्हाळ्यापासून नऊ किलो कमी.
गोळ्या सकाळी तीन, रात्री दोन.
वेदना एक ते दहा: आठ.
मागच्या वेळी आठ. त्याच्या मागच्या वेळीही आठ.
किती नीटनेटका आकडा.
माणूस आत किती उरलाय
याला रकाना नाही.

दंडाला पट्टा गुंडाळते. पट्टा फुगतो.
आणि दाराशी नजर जाते:
कुत्रीचं भांडं, धुऊन पुसून
उपडं ठेवलेलं.

"मुरी कुठंय?"
"हेल्वेला देऊन टाकली." ओठ न हलवता.
"तिचं अंगण मोठं आहे."

अंगण!
वेल्लोच्या मागच्या दारापासून समुद्रापर्यंत
नुसतं जुनिपरचं रान आहे.

पट्ट्यातली हवा सूं करत सुटते
आणि मला माझे बाबा आठवतात.
त्यांच्या कमरेचा एक्स-रे कितीदा उजेडात धरला मी,
मणका न् मणका मोजला.
त्यांच्याकडे बघायचं तेवढं राहिलं.

दुखणं आधी जिवावर येतं.
उठणं जिवावर येतं, जेवणं जिवावर येतं,
वाजणारा फोन उचलणं.
मग एक दिवस तेच
जिवावर उठतं.

विचारल्यानं कुणाच्या मनात ते नव्यानं शिरत नाही,
असं आम्हाला शिकवलं होतं.
तरी जीभ टाळ्याला चिकटली.
मग विचारलं, आडवळण न घेता,
झोप लागते का विचारावं तसं:
"वेल्लो, जीव द्यावासा वाटतो का?"

फ्रिज घरघरून थांबला.

"रोज."
मग बऱ्याच वेळानं,
"मरायचं नाहीये गं. हे थांबायला हवंय."
एवढं लांब वाक्य बोलल्याची किंमत
त्याच्या गालानं माझ्यासमोर मोजली.

मी कोट काढला.
पुढच्या घरी कळवलं, आज येत नाही.
डॉक्टरांना फोन, त्याच्या भाचीला फोन.
गोळ्यांचा डबा आता तिच्याकडे राहील, तो हो म्हणाला.
वेदनेच्या दवाखान्यातली तारीख
फेब्रुवारीतून उचलून या गुरुवारवर आणली,
त्यासाठी दोनदा आवाज चढवावा लागला.

आठाचा आठच राहिला त्या संध्याकाळी.
गुरुवारनंतर सहा होईल की नाही, ठाऊक नाही.

हेल्वे आली, चिखलाच्या बुटांनी,
मुरीला घेऊन.
मुरी सरळ त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसली.
कुत्रीला कसं कळतं कुठला गाल,
हे मी फायलीत लिहिलं नाही.

भांडं सुलटं मीच करणार होते.
तो उठला.