नीट बंद झाले नाही

ससून डॉकच्या मागे, बर्फाच्या कारखान्यावर
मच्छीमारांच्या पतपेढीची एक खोली आहे.
सर्व्हर ठेवलाय जुन्या तिजोरीच्या पोटात,
दार काढून, पंखा लावून.
त्या रात्री वीज गेली, यूपीएस कुंईकुंई करू लागला
आणि त्याच्या काचेवर आकडा आला: अकरा मिनिटे.

बटण दाबले की झाले, असे सॅव्हियोला वाटते.
तसे नसते.
आधी नव्या नोंदी थांबवायच्या. खिडकी लावायची,
पण कुणाची बोटे चिरडून नाही.
ज्यांच्या हातात लेखणी आहे
त्यांना ओळ पुरी करू द्यायची.
मग कीर्द उतरवायची खतावणीत.
आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात शेवटीच,
पहिल्या पानावर एक शब्द लिहायचा: स्वच्छ.

हे मला दमयंतीबाई तांडेल शिकवून गेल्या,
संगणकाला हात न लावता.
एकतीस वर्षे इथली रोजकीर्द त्यांच्या अक्षरात आहे.
डिझेल गेले, जाळे तारण आले, हप्ता भरला,
जे घडले ते घडल्या क्रमाने, आधी कीर्दीत;
खतावणीत मागाहून, सावकाश, ज्याच्या त्याच्या खात्यावर.
"मध्येच दिवे गेले तरी कीर्द सांगतं गो,
कुठवर आलो होतो."
जिथे दौत सांडली त्या पानावर
तांबड्या शाईत: ही नोंद अपुरी. खाली सही.
फाडलेले पान मी एकही पाहिले नाही.

सात मिनिटे.
डिस्क म्हणाली, लिहिता येत नाही.
पुन्हा सांगितले. पुन्हा तेच.
पान कीर्दीचे होते, खतावणीचे नव्हे,
म्हणजे ज्याच्या भरवशावर बाकीचे सावरायचे, तेच भिजलेले.
सॅव्हियो म्हणाला, मॅडम, चूक गिळा,
स्वच्छ लिहा आणि निघू,
सकाळी कोण बघणार आहे?

हेच बघणार आहे, म्हटले.
उद्या हे यंत्र उठेल, पहिले पान वाचेल,
आणि तिथे जे असेल ते खरे धरेल.
त्याला दुसरे कोण आहे सांगणारे?

मी लिहिणे सगळे थांबवले, वाचणे तेवढे चालू ठेवले.
एक जुने काम अजून एका खात्याला धरून बसले होते.
त्याच्या पायाखालची फळी काढली नाही,
ते उठेपर्यंत थांबले,
यूपीएस किंचाळत असताना.
मला घाम फुटला होता, हेही नोंदवते.
मग पहिल्या पानावर, 'स्वच्छ'च्या जागी,
चुकीचा क्रमांक. वेळ दहा बावन्न.
दोन मिनिटे उरली होती. बंद.

जिन्यात सॅव्हियोने मोबाईलचा उजेड धरला.
खाली कुणीतरी अंधारात बर्फ फोडत होते.
मला माझीच काही भांडणे आठवली,
ज्यांच्यावर घाईने स्वच्छ लिहून
मी घराबाहेर पडले होते.
ते असो.

सकाळी डिस्कची नक्कल नव्या डिस्कवर घेतली.
यंत्र उठले आणि पहिलेच बोलले:
मागच्या खेपेस नीट बंद झाले नाही.
कुरकुर नव्हती त्यात.
मग कीर्द वाचत गेले ओळीने,
शेहेचाळीस नोंदी जागच्या जागी बसवल्या
आणि सत्तेचाळिसावीपाशी अडले.
तिच्याखाली शेवटची खूण नव्हती.
अर्धी नोंद त्याने उचलली नाही.
अर्धी रक्कम खात्यावर पडली तर वर्षानुवर्षे कुजत राहते;
न पडलेलीची निदान विचारणा होते.

झालीच. साडेअकराला हरेश्वर नाखवा जिना चढून आला.
"माझे अठराशे साठ कुठं गेले?"
पावती काढली पाकिटातून, ओलसर,
कोपऱ्याला रावसाचा खवला चिकटलेला.
मी नोंद हाताने केली.
शेरा लिहिला: कालची, आज.
खवला काढावा की राहू द्यावा, कळेना.
तो पावतीसकट फायलीत गेला.