सात ते साडेनऊ

ऑगस्टात वारा पडला की होन्कायार्वीवर
कुणी झाकण लावल्यासारखं होतं.
वरचं पाणी वर, खालचं खाली,
दोघांत बोलणं नाही.

मी वल्ही आत घेते. केबल सोडते.
मीटरामीटराला तापमान वाचते, मग प्राणवायू.
ओइवा, माझा बाप, समोर बसून
जाळ्यात अडकलेली काटकी सोडवतोय
आणि ऐकत नसल्यासारखा ऐकतोय.

पहिल्या मीटरला चोवीस अंश.
पाचव्याला एकवीस.
सातव्याला पारा एकदम घसरतो, पंधरा.
इथे मुइक्कूंना जरा हायसं वाटत असेल:
वीतभर लांब, चांदीच्या पात्याची, थंडीची लेकरं.
दहाव्याला थंडी आहे, अगदी हवी तशी,
पण श्वास नाही.
चौदाव्याला शून्य,
आणि केबल वर आली की तिला
सडक्या अंड्याचा वास.

इकडे आड, तिकडे विहीर
हे जमिनीवरच्यांचं झालं.
यांच्या डोक्यावर चूल
आणि पायाखाली, पाय असते तर, कोंदट तळघर.
मधे अडीच मीटरचा पोटमाळा.
अख्ख्या तळ्यातले मुइक्कू तिथे अंग चोरून,
कल्ले उघडत, मिटत.
पाण्याबाहेर तडफडणारा मासा कुणालाही कळतो.
पाण्यात राहून श्वासाला महाग झालेला
वरून दिसत नाही.

आमच्या सौनाच्या दारामागे पेन्सिलीने
बर्फ फुटल्याच्या तारखा आहेत.
आजोबांच्या अक्षरात मेचा मध्य, एकदा तर चोवीस मे.
बापाच्या अक्षरात मेची सुरुवात.
माझ्या अक्षरात एप्रिल.
झाकण लवकर लागतं, उशिरा निघतं,
तोवर तळाची शिदोरी संपते.

आणि चर. ते मी बोलत नाही.
विशीत असताना बाप मजुरीवर
दलदलीत चर खणायचा, पाणी काढून जंगल वाढवायला.
त्या पैशातून ही नाव आली.
दलदलीचं कोऱ्या चहासारखं पाणी
अजून त्याच चरांतून तळ्यात उतरतं,
त्यातला गाळ खाली बसून कुजतो,
कुजता कुजता श्वास पितो.
पाण्यात राहून माशाशी वैर करायला
माणूस वैरी असावा लागत नाही.
फावडं पुरतं.

"कुठे आहेत?" त्याने विचारलं.

आकडा सांगितला असता
तर त्याने जाळं सातावर टांगलं असतं
आणि सकाळी नाव काठोकाठ चांदी.
जन्मभर अंदाजाने जाळी टाकणाऱ्याला
पहिल्यांदाच कुणी पत्ता देणार होतं.

मी वहीत खरं लिहिलं.
तोंडाने म्हटलं, "बारा-तेराच्या आसपास."

त्याने दोर हातहात मोजून सोडला.

सकाळी जाळं रिकामं, तोच वास लागलेलं.
तो रागावला नाही. जाळं धुतलं,
बर्चच्या खुंट्यांवर वाळत घातलं.
मासे घोळवायला काढलेलं राईचं पीठ
परत बरणीत भरलं.

संध्याकाळी सौना तापवायला गेले
तर दारामागे, यंदाच्या तारखेशेजारी,
चष्म्याशिवाय लिहिलेलं वाकडं अक्षर:
सात ते साडेनऊ.

त्याच्याखाली अजून काहीतरी होतं, खोडलेलं.
वाफ चढेपर्यंत मी ते
उजेडाकडे तिरकं धरल्यासारखी मान वाकवून बघत राहिले.
एक "मी" लागला.
बाकी नाही.