डाख

क्लिफर्ड पिकल्सनी ॲम्प्लिफायर आणला तो प्रॅममधून.
नातवंडांची जुनी प्रॅम, वर टॉवेल,
चाकांना कालव्याकाठचा चिखल.
"गुणगुणतोय," म्हणाले. "महिना झाला."

टॉडमॉर्डनमध्ये अशी माणसं माझ्याकडे येतात.
हॉस्पिटलात एकतीस वर्षं मी मॉनिटर दुरुस्त केले.
तिथला नियम सोपा: तारीख उलटली, भाग बदला.
भागाला कुणी काही विचारत नसे.
आता शेडमध्ये बसते, हीटर पायाशी,
आणि एकेकाला विचारते.

फिल्टरचा डबा, बूड फुगलेलं.
शंभर हर्ट्झची गुणगुण याचीच,
मैफल संपली तरी खर्ज धरून बसलेला.
हा जाणार. यात प्रश्न नाही.
फिक्या पट्ट्यांचे रेझिस्टर दहा टक्के सरकलेत.
साठ वर्षांत कोण सरकत नाही?
राहू देत.
मग मेणकागदाचा तपकिरी कपॅसिटर:
दिसायला धडधाकट,
पण ग्रिडवर शून्य हवं तिथे सव्वा व्होल्ट.
झिरपतोय.
काढेल कदाचित अजून एक हिवाळा.
किंवा मार्चमधल्या एखाद्या संध्याकाळी
व्हॉल्व्ह लालबुंद होईल, आणि त्याच्या मागोमाग
ट्रान्सफॉर्मर, जो आता कुठेच मिळत नाही.

फोन केला. "सगळेच जुने बदलू का?"
बराच वेळ नुसता किटलीचा आवाज.
"एनिड त्या कारखान्यात होती," ते म्हणाले,
"पाच नंबरच्या बाकावर. झाकण आतून बघा."
पाहिलं. पेन्सिलीनं ई. एस.,
लग्नाआधीचं आडनाव असणार.
खाली नोव्हेंबर, बासष्ट.

भिंग घेऊन तिचे डाख पाहिले.
तांदळाएवढे, चकचकीत,
एकालाही शेपूट नाही.
(शुक्रवारी दुपारी माझ्या डाखांना असायचं.)
डाख. हा शब्द मी कित्येक वर्षांत
मोठ्यानं म्हटला नव्हता. शेडमध्ये म्हटला.

जुना भाग काढायचा तर डाख वितळवावा लागतो.
मी नाही वितळवला.
कपॅसिटर अंगाशी कापला,
त्याचे दोन पाय तिच्या डाखात उभे ठेवले
आणि नव्याचे पाय त्यांना गुंडाळले,
बाळाच्या मुठीत बोट द्यावं तसे.
आमच्या ट्रेनिंगमध्ये याला आळशीपणा म्हणत.

राहिला फिल्टर.
कॅटलॉगमध्ये आयुष्य तासांत छापलेलं असतं:
दोन हजार, पाच हजार, दहा हजार.
रोज संध्याकाळी दोन तास ऐकतो, ते म्हणाले होते.
हात आपोआप भागाकार करू लागला.
दोन हजार म्हणजे पावणेतीन वर्षं.
पाच हजार म्हणजे जवळजवळ सात.
ते त्र्याऐंशीचे आहेत. खोकतात.
पेन्सिल खाली ठेवली.
दहा हजारवाला मागवला,
बिलात दोन हजारवाला लावला.

शनिवारी आले, प्रॅम घेऊन.
लावून दाखवला. स्पीकरला कान टेकवून
ते वाकून उभे राहिले.
"फारच गप्प झाला," तक्रारीच्या सुरात.
मग, प्रॅमवर टॉवेल सारखा करत,
"एनिडचं काय काय काढलंत?"
"काहीच नाही," मी म्हटलं.
मीटर लावून पाहिलं असतं तरी हेच निघालं असतं.

ते गेल्यावर उठताना माझा गुडघा वाजला.
हॉस्पिटलचं पत्र आठ आठवडे फ्रिजवर आहे:
बदलायचा असल्यास कळवा.
बघू.
वाजतो, पण अजून झिरपत नाही.